ऋणनिर्देशातलं नाव

उज्वला खैरनारांना घाबरायला निमित्त लागत नसे. लिफ्टला त्या घाबरत, पाली-झुरळांना घाबरत, कुत्र्याला तर घाबरतच, पण न भुंकणाऱ्या कुत्र्याला जास्त. रजिस्टर पत्र आलं की उघडायच्या आधी घोटभर पाणी पीत. त्यांचे यजमान रवी खैरनार मूळचे सटाण्याचे. बायकोचा चेहरा पडलेला दिसला की ते वर्तमानपत्रातून मान वर न करता अहिराणीत विचारत, "काय व्हयनं?" आणि त्यांनी काही सांगितलं की म्हणत, "कोठे भ्याव शे, दखाड मले." आता भीती काय दाखवता येते? ती पोटात असते.

पण भित्र्या माणसाचं एक बरं असतं, तो हलगर्जी नसतो. गंगापूर रोडकडच्या एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयात उज्वला मॅडम एकोणीस वर्षं मराठीची अध्यापनपद्धती शिकवत होत्या आणि एम.एड.च्या मुलामुलींना प्रबंधासाठी मार्गदर्शन करत होत्या. ही मुलं पुढे भाषेचे शिक्षक होणार, काही आधीच झालेली. दरवर्षी तीन-चार जण त्यांच्या वाट्याला येत आणि पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला येत. संमतीपत्राशिवाय मुलाखत घ्यायची नाही. रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये आणि पेनड्राइव्हवर, दोन्हीकडे हवं. प्रश्न विचारला की गप्प बसायचं, समोरचा बोलेपर्यंत मनात दहा आकडे मोजायचे. भाषेच्या शिक्षकांना गप्प बसवणं म्हणजे काय दिव्य असतं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

त्याहून कठीण होतं त्यांचा लाल पेन काढून घेणं. पाड्यावरची एखादी बाई मुलाखतीत 'नाय' म्हणाली, की ही मंडळी लिहून काढताना 'नाही' करून टाकत. 'लय' चं 'खूप' होई, 'हाय' चं 'आहे' होई. वाचताना वाटे, सुरगाणा-पेठच्या डोंगरात सगळे पुण्याहून राहायला आलेत. मग मॅडम वही पुढे सरकवत आणि हळूच म्हणत, "तू मुलाखत लिहून आणलीस, की निबंध तपासून?" मोठ्या आवाजात बोलायचीही त्यांना भीती वाटे, पण हे हळू बोलणंच मुलांना जास्त लागे.

पूर्वी हे इतकं नाजूक नव्हतं. तेव्हा सगळे प्रबंध आकड्यांचे असत. साठ शिक्षकांना प्रश्नावली द्यायची, खुणा मोजायच्या, टक्के काढायचे, निष्कर्ष ठोकून द्यायचा की भाषाशिक्षणात साधनांचा वापर उपयुक्त आहे. तो काही साठ शिक्षकांना न विचारताही सांगता आला असता. उज्वला मॅडमनी असे कितीतरी प्रबंध पास केले आणि प्रत्येकात मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र सही करून दिलं, की हे काम अस्सल आहे. गेल्या पाच वर्षांत मात्र गुणात्मक संशोधन आलं. दोन-तीन शाळा, पाच-सहा माणसं, पण त्यांच्याशी तासन्‌तास बोलायचं. ती जे सांगतील ते त्यांच्या शब्दांत मांडायचं आणि त्यांना त्रास होऊ नये म्हणून नावं झाकायची. शाळा क, शाळा ख, शिक्षिका, मुख्याध्यापक, एवढंच.

आता ऋणनिर्देशाची गोष्ट सांगायला हवी. प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं पान असतं, तो ऋणनिर्देश. मराठी माणूस प्रबंधात पहिल्यांदा काय वाचतो, तर आपलं नाव कुठे आलंय ते. नाहीच आलं तर पुढचा प्रबंध वाचायचं त्याला कारण उरत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी निफाडकडचे एक मुख्याध्यापक थेट प्राचार्यांच्या खोलीत येऊन बसले होते. आमची शाळा वापरली, पोरं वापरली आणि साधं नाव नाही? उज्वला मॅडमना त्या दिवशी घाम फुटला होता. तेव्हापासून त्यांनी नियम करून टाकला. ज्याने ज्याने मदत केली त्याचं पूर्ण नाव, हुद्दा आणि शाळा ऋणनिर्देशात आलीच पाहिजे. एकही सुटता कामा नये. ती यादी त्या स्वतः तपासत.

साठ माणसांच्या प्रश्नावलीत या नियमाने कुणाचं काही बिघडत नव्हतं. प्रबंध बदलले, नियम तसाच राहिला. जी बाई संमतीपत्राचा कोपरा दुमडला तरी दचकते, तिच्या हे पाच वर्षं लक्षात आलं नाही. मागे नावं झाकायची आणि पुढच्या पानावर तीच नावं हारतुरे घालून उभी करायची, हे दोन्ही त्यांच्याच सांगण्यावरून होत होतं. डोळ्यात तेल घालून राखण केली आणि दार सताड उघडं.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाह्य परीक्षकाचं पत्र आलं. गुरुवारी हर्षाली बोरस्तेची तोंडी परीक्षा, परीक्षक घुमरे साहेब. उज्वला मॅडम पाणी प्यायल्या आणि त्यांनी नाव पुन्हा वाचलं. हे साहेब जिल्ह्यात चाललेल्या एका वाचन-मोहिमेचे प्रमुख होते. रोज कोणतं पान शिकवायचं ते ठरवून देणारे आणि संध्याकाळी ते पान झालं की नाही हे मोबाइलवर भरून घेणारे तेच. त्यांच्या एका शेऱ्यावर गेल्या वर्षी तीन शिक्षक घरी बसले होते.

मॅडमना हर्षालीच्या प्रबंधातलं चौथं प्रकरण आठवलं. त्यांच्या एकोणीस वर्षांतलं ते सगळ्यात चांगलं प्रकरण होतं. शाळा ख मधल्या शिक्षिकेने त्यात सांगितलं होतं, "पहिलीची पोरं येतात तवा त्यांना पुस्तकातली मराठी कळत नाय. मग मी चार महिने आमच्या पाड्यावरच्या कोकणी बोलीतूनच शिकवते. पोरं बोलती होतात, मग अक्षर धरतात, मग पुस्तक. मोबाइलवर मी रोज पान भरते, अमुक शिकवलं म्हणून. ते खोटं असतं. पान खरं भरलं तर पोरं कच्ची राहतील, आणि पोरं पक्की केली तर पान खोटं भरावं लागतं." बाईने हे हर्षालीला विश्वासाने सांगितलं होतं, नाव येणार नाही या बोलीवर.

नाव तर नाहीच, असं म्हणत त्यांनी स्वतःची समजूत घालायला प्रबंधाची प्रत उघडली. मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं. पहिलं पान, प्रमाणपत्र, त्यांची सही आणि नंतर ऋणनिर्देश. तिथे दोन्ही शाळांचे शिक्षक ओळीने उभे होते. शाळा क मध्ये दोघंही पुरुष. शाळा ख मध्ये एक मुख्याध्यापक आणि त्यांच्या खाली, पेठ तालुक्यातल्या पाड्याच्या नावासकट, श्रीमती ललिता भोये. चारांत एकच बाई. शिक्षिका कोण हे शोधायला साहेब लागत नव्हते, चौथीतल्या पोरानेही सांगितलं असतं.

प्रत परीक्षकांकडे जाऊन आठ दिवस झाले होते.

भीती कशी असते ते उज्वला मॅडमना माहीत होतं, पण आजवरची भीती त्यांची स्वतःची होती. ही दुसऱ्याच्या घराची होती आणि ती त्यांनी तिथे नेऊन ठेवली होती. त्यांनी हर्षालीला बोलावून पान दाखवलं. हर्षाली चुणचुणीत मुलगी, पिंपळगावच्या द्राक्षबागायतदाराची, कशाला न बधणारी. तिने पान वाचलं, मग चौथं प्रकरण उघडलं आणि खुर्चीवर बसली. म्हणाली, "मॅडम, साहेब कशाला ऋणनिर्देश वाचतील?"

"सगळे तोच वाचतात गं," मॅडम म्हणाल्या.

गप्प बसावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं, खोटं कशाला बोला. कदाचित साहेब चाळून सोडतील. पण सहभागी माणसाने शेवटच्या क्षणापर्यंत आपलं बोलणं मागे घेता येतं, तो त्याचा हक्क आहे, हे त्या दर जुलैमध्ये फळ्यावर लिहीत. आणि हक्क बजावायला आधी धोका कळवावा लागतो. फोनवर सांगायची हिंमत होईना. मंगळवारी सकाळी दोघी सीबीएस बसस्थानकावरून पेठच्या एसटीत बसल्या. सावळघाटात मॅडमनी समोरच्या सीटचा दांडा धरला तो पेठ येईपर्यंत सोडला नाही. पुढे जीप, मग पाऊण तास चालणं.

शाळा सकाळची होती. मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीला गेलेले, म्हणून ललिता भोये चारही वर्ग एकत्र घेऊन बसली होती. चौतिशीची, सडसडीत, केसांत चापाची पिन, पायांत रबरी चपला. हर्षालीला बघून ती हसली. "ताई, परीक्षा झाली का?" मॅडमची ओळख झाल्यावर तिने एकुलती खुर्ची पुसून दिली. मॅडमच्या हातात येवल्याच्या साडीदुकानाची पिशवी होती. पहिलीतली एक पोर गुपचूप जवळ आली आणि पिशवीवर बोट फिरवत वाचायला लागली. ये, व, ला. मग पै, ठ, णी. मग आणखी खालची फोन नंबरची ओळसुद्धा. कुणी वाच म्हटलेलं नव्हतं. उज्वला मॅडमनी हजारो पाठ पाहिले होते, पण असं वाचणं पाहिलं नव्हतं. त्यांना रडू आलं आणि ते भीतीचं की कसलं, हे त्यांना सांगता येईना.

शाळा सुटल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, एकही शब्द न लपवता. चूक माझी आहे, हर्षालीची नाही, हेही सांगितलं. ललिता ऐकताना खाली बघत होती. चहाचं आधण उकळून वर आलं तरी तिचं लक्ष गेलं नाही, हर्षालीने उठून स्टोव्ह बंद केला.

"नाव येणार नाय म्हणाल्या होत्या ताई," ललिता म्हणाली.

"हो."

"मला घरी बसवतील, ते बसवतील. माझी आई हाय, दोन पोरं हायेत, करू कायतरी." तिने वर पाहिलं. "पण चौकशी लागली की साहेब इथं येतील आणि पोरांना उभं करतील. तुमची बाई कोणत्या भाषेत शिकवते, विचारतील. पोरं खरं सांगतील ना मॅडम. मग माझी नोकरी पोरांच्या तोंडून जाईल. ती पोरं मोठेपणी काय म्हणतील? का आजपासून मी त्यांना खोटं बोलायला शिकवू? पान मी भरते खोटं, ते माझं मी बघते. पोरांना नाय जमणार."

 उज्वला मॅडमनी फक्त विचारलं, काय करू?

"माझं बोलणं काढा. सगळं. मी बोललेच नाय असं करा."

संमती मागे घेतली की नोंद नष्ट करायची, असा नियम. हर्षालीने तिच्यासमोर मोबाइलमधलं पाच तासांचं रेकॉर्डिंग पुसलं आणि मॅडमनी आणलेला पेनड्राइव्हही रिकामा केला. बटण दाबताना हर्षालीचा अंगठा दोनदा मागे आला. दोन वर्षांचं काम होतं ते. पण ती काही बोलली नाही आणि परतीच्या वाटेवर एरवीसारखी पिंपळगावच्या घराची आठवणही काढली नाही, यावरून मॅडमना कळलं की पोरगी खरोखर घाबरली आहे.

बुधवारी मॅडमनी प्राचार्यांना अर्ज दिला, प्रबंध मागे घेऊन नवी प्रत द्यायची परवानगी मागणारा. प्राचार्य म्हणाले, "परीक्षकांच्या समोरच बोलू," आणि पंखा वाढवला.

गुरुवारी अकरा वाजता घुमरे साहेब आले. साधा माणूस, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चहात साखर नको म्हणाले. त्यांनी प्रबंध टेबलावर ठेवला. त्यातून पिवळ्या कागदाच्या दोन पट्ट्या बाहेर डोकावत होत्या. दोनच. एक पुस्तकाच्या मध्यावर, एक अगदी सुरुवातीला. ती सुरुवातीची पट्टी कोणत्या पानात आहे, ते उज्वला मॅडमना न उघडता कळलं.

प्राचार्यांनी अर्जाचं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मागे घ्या की. प्रबंध तुमचा आहे," ते म्हणाले. "पण मी वाचलाय ना. वाचलेलं परत कसं देऊ?" मग पहिली पट्टी उघडून त्यांनी ललिता भोयेच्या नावाखाली बोट ठेवलं. "रोजचा अहवाल खोटा भरते, असं म्हणणाऱ्या बाई याच का?"

हर्षालीने मान खाली घातली. 

"मुलाखतीचं रेकॉर्डिंग असेल," साहेब म्हणाले. "खैरनार मॅडमचे विद्यार्थी दोन-दोन प्रती ठेवतात, असं ऐकलंय."

उज्वला मॅडम मनात एकेक वाट तपासू लागल्या. रेकॉर्डिंग पुसलं म्हणावं, तर मुलाखत झाली होती हे कबूल होतं. पुसलं नाही म्हणावं, तर आणा म्हणतील. सांगत नाही म्हणावं, तर नाव समोर छापलेलंच होतं. एकच वाट शिल्लक होती आणि ती त्यांच्या स्वतःच्या गळ्यावरून जात होती. एकोणीस वर्षांत कुणी आपल्याला खोटं म्हणू नये म्हणून जी बाई कागदाच्या दोन्ही बाजू तपासत आली, ती खुर्चीचा हात धरून म्हणाली, "रेकॉर्डिंग नाही, साहेब. नसलेल्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग कुठून असणार?"

"म्हणजे?"

"शाळा ख मधली शिक्षिका खरी नाही. तिथल्या बाई जाता-येता मोजकं बोलल्या, मुलाखत दिली नाही. प्रकरण भरत नव्हतं. मग वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या लोकांकडून जे कानावर आलं ते जोडून मी ते बोलणं तयार करून दिलं. हर्षालीने माझ्या सांगण्यावरून घातलं. भोये बाईंचा त्याच्याशी संबंध नाही."

"मॅडम," हर्षाली म्हणाली.

"तू गप्प बस," उज्वला मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाल्या.

प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. साहेब कितीतरी वेळ मॅडमकडे बघत राहिले.  साहेबांना खरं कळलं असेल का? आजतागायत कुणाला सांगता यायचं नाही. त्यांनी खिशातून पेन काढून पुढे केलं. "हे लेखी द्या," ते म्हणाले.

मॅडमनी दिलं. शिक्षिका काल्पनिक आहे, तिचं म्हणणं विश्वासार्ह नाही, दोष सर्वस्वी मार्गदर्शकाचा. आजवर कितीतरी पोकळ प्रबंधांना त्यांनी अस्सल म्हणून सही दिली होती. जे एकच पान खरं होतं, त्याला खोटं म्हणून त्यांनी त्या दिवशी सही दिली. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की प्राचार्यांनी खाली नाव कंसात पुन्हा लिहायला सांगितलं.

साहेबांनी कागद वाचून घडी घातली. "मला वाटलंच होतं," ते उठता उठता म्हणाले. "इतकं खरं कोण बोलतं?"

हर्षालीला पुढच्या सत्रात नवा विषय घेऊन बसायची मुभा मिळाली. मॅडमचं मार्गदर्शकपद त्याच दुपारी काढून घेतलं आणि चौकशी समिती नेमायचं ठरलं. ही बातमी संध्याकाळपर्यंत नाशकातल्या सगळ्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयांत पोचणार होती आणि कोण काय म्हणेल हे मॅडमना शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं. जिन्याच्या वळणावर, कुणी नाही असं पाहून, त्यांनी ललिताला फोन लावला. काय झालं ते सांगितलं. आता कुणी येणार नाही, म्हणाल्या.

 पलीकडे पाड्यावरच्या पोरांचा गलका होता.

"म्हणजे मी बोलले ते सगळं खोटं ठरलं," ललिता म्हणाली.

"हो."

"बरं झालं." मग म्हणाली, "पण पोरं वाचतात हो, मॅडम."

"मला माहीत आहे. मी पाहिलंय."

"मग तेवढं कुठंतरी लिहून ठेवा," ललिता म्हणाली. "नाव नका टाकू."

उज्वला मॅडम हो म्हणाल्या. कुठे लिहायचं ते मात्र त्यांना सुचेना, कारण अशी बाईच नाही, असं तासाभरापूर्वी त्यांनीच लिहून दिलं होतं.